गुऱ्हाळाच्या दिवसांतली गोळी

यंदा माघ सरता सरता आमच्या कॉलनीच्या मागच्या रिकाम्या शेतात कोणीतरी गुऱ्हाळ लावलं. रस्त्यावर 'सेंद्रिय गूळ मिळेल' अशी पाटीही लागली. मी गॅलरीत पेपर वाचत बसलो होतो, वाऱ्याची दिशा बदलली आणि किंचित करपलेल्या गुळाचा वास नाकात शिरला. मी पेपर खाली ठेवला. मी बायकोला हाक मारली, "अगं, वास येतोय का?"

ती आतूनच म्हणाली, "येतोय. गुळाचा आहे. खरा आहे."

एवढ्या वर्षांच्या संसारात ती हे शिकली आहे की नुसतं 'येतोय' म्हणून माझं भागत नाही. तरी मी उठलो, गॅलरीच्या टोकाशी गेलो, मान वाकडी करून धूर दिसतो का ते बघितलं. धूर दिसला. मग परत येऊन बसलो आणि चहा घेतला. चहाही आधी हुंगून घेतला, हे बायकोने पाहिलं.

संशयाला औषध नाही असं म्हणतात. माझी गोष्ट उलटी आहे. माझा संशय औषधातूनच आला. दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणलं की मी चष्मा लावून त्यावरचं सगळं वाचतो. गोळी मोडून तिचा कण जिभेवर ठेवतो. दुकानदार ओळखीचा आहे, तो हसतो. म्हणतो, "काका, अजून भरोसा नाही का?" मी म्हणतो, "तुझ्यावर आहे रे, गोळीवर नाही." तो बिचारा याला विनोद समजतो.

नात धुळ्याला कॉलेजात आहे, वसतिगृहात राहते. सुटीला आली तेव्हा सांगत होती की तिच्या खोलीतल्या एका मुलीला फिट येतात. कॉलेजात अशा मुलांसाठी म्हणे वेगळा कक्ष आहे. तिथल्या मॅडमना सगळं सांगून ठेवलेलं असतं. परीक्षेत जादा वेळ मिळतो, फिट आली तर काय करायचं ते खोलीतल्या मुलींना शिकवलेलं आहे आणि गोळीच्या वेळेला मोबाइलवर गजर होतो. ऐकून बरं वाटलं. मग मी विचारलं, "गोळ्या कोणाकडे असतात?"

"कोणाकडे म्हणजे? तिच्याचकडे."

"ती बघून घेते ना? चव वगैरे?"

"आजोबा, तुम्ही असले प्रश्न कुठून आणता?" ती हसत म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घालून बसली.

कुठून आणतो ते तिला सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हा आमचा जिल्हा धुळे होता आणि नंदुरबार नुसता तालुका. आमचं गाव तापीच्या काठावर. आम्ही गुजर पाटील, घरात गुजरी बोलणारे आणि गावात अहिराणी. वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. आप्पा साधं बोलले तर गुजरीत बोलत आणि मनापासून बोलले तर अहिराणीत. रागही अहिराणीत यायचा आणि मायाही. त्यामुळे त्यांनी भाषा बदलली की आम्ही भावंडं सावध होत असू.

मी शाळकरी असताना आमच्याच गुऱ्हाळावर पडलो. काहिलीत रस उकळत होता, गूळ करणारा गुळव्या मळी काढत होता, मी चिपाडांच्या ढिगापाशी उभा होतो. गूळ करपल्याचा वास आला. मी म्हणालो, "गूळ जळतोय." गुळव्या म्हणाला, जळत नाही. त्यापुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा नाकाशी कोणाची तरी चप्पल होती, दुसऱ्या बाजूने कोणी फोडलेला कांदा धरला होता आणि आप्पांनी मला काहिलीपासून लांब ओढत नेऊन मांडीवर घेतलं होतं. मी दोन पावलं पुढे असतो तर उकळत्या रसात गेलो असतो. त्यानंतर जेव्हा जेव्हा फिट आली, तेव्हा आधी तोच वास आला. गुऱ्हाळ कुठेही नसलं तरी यायचा. श्रावणात, भर पावसातसुद्धा यायचा.

गावाने त्याला मिरगी म्हटलं. अंगारे झाले, ताईत झाले, खापर गावच्या बाजारातून कोणीतरी एक मुळी आणून दिली ती उगाळून झाली. शेवटी आप्पा मला धुळ्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी गोळी दिली. लहानशी, पांढरी, मोडली की कडसर लागणारी. रोज संध्याकाळी एक, चुकवायची नाही, असं त्यांनी बजावलं. गोळी सुरू झाली आणि फिट थांबली. त्या बदल्यात झोप आली. डोक्यावर ओलं पोतं ठेवल्यासारखं सतत जड वाटायचं. वाचलेलं पान उलटलं की मागचं पुसून जायचं. तरी मॅट्रिक झालो. तालुक्याच्या गावी नवीन कॉलेज निघालं होतं, तिथे नाव घातलं.

कॉलेज म्हणजे जुन्या जिनिंगची शेड. पावसाळ्यात भिंतीच्या फटींतून कापसाचे पुंजके अजून निघायचे. आमचे प्राचार्य शिस्तीचे होते. आप्पांनी त्यांना माझा आजार आधीच सांगून टाकला, कारण लपवणं त्यांना जमतच नसे. प्राचार्यांनी बराच वेळ टेबलावर पेन्सिल आपटली. मग म्हणाले, "घेतो. पण वर्गात किंवा परीक्षेत हा पडला, तर मी जबाबदारी घेणार नाही. नाव काढून घरी पाठवीन. इतर मुलांचाही विचार करावा लागतो मला." आप्पांनी हात जोडले. एक फिट दिसली की शिक्षण संपलं, अशा अटीवर मी कॉलेजात गेलो. घरी परतलो असतो तर माझ्या वाट्याला फक्त ओसरी होती. फिट येणाऱ्या पोराला मोटेपाशी, विहिरीपाशी, काहिलीपाशी कोणी उभं करत नाही, आणि शेतीत या तीन जागा सोडून राहतं काय?

गोळ्यांची बाटली माझ्याकडे ठेवायची नाही, असं ठरलं. ती वसतिगृहाचे रेक्टर दामले सर यांच्या कपाटात. दामले सर कोकणातले, अविवाहित, अर्थशास्त्र शिकवणारे. त्यांचा जगावर विश्वास नव्हता. ते साबणही कुलपात ठेवत. रोज संध्याकाळी प्रार्थनेआधी मी त्यांच्या खोलीत जायचं, त्यांनी जानव्याला बांधलेल्या किल्लीने कपाट उघडायचं, माझ्याकडे पाठ करून बाटलीतून गोळी काढायची आणि माझ्या तळहातावर ठेवायची. मी गिळली की म्हणायचे, "आ करा. जीभ वर." मी गोळी चोरून थुंकतो असा त्यांना वहीम होता. ते पाठ करून गोळी काढतात त्याचा मला होता. खोलीत आम्ही दोघं आणि तिसरा संशय, असा तो रोजचा कार्यक्रम.

माझ्या खोलीत जामसिंग वसावे राहायचा. तो डोंगरातल्या काठी गावाजवळच्या पाड्यावरचा. घरी भिली बोलायचा. मराठी तो आश्रमशाळेच्या पुस्तकांतून शिकला होता, त्यामुळे बोलायचा तेही पुस्तकासारखंच. "मित्रा, भोजनास विलंब होत आहे," असं तो मनापासून म्हणायचा आणि आम्ही पोट धरून हसायचो. प्राचार्यांनी त्याला बोलावून माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मला सांभाळण्यासाठी की माझी खबर देण्यासाठी, हे मला बरेच दिवस ठरवता येईना. तो माझ्याबरोबर वर्गात यायचा, नदीवर यायचा, संडासाच्या दारातसुद्धा उभा राहायचा. मी चिडलो की म्हणायचा, "आपण क्रोध करू नये."

मग ते दिवस आले. थंडी उतरणीला लागलेली, पळसाला केशरी रंग फुटलेला, परीक्षेचं वेळापत्रक फळ्यावर लागलेलं आणि गावाभोवती जिकडे तिकडे गुऱ्हाळं. सहकारी कारखाने आमच्याकडे पुढे आले. तेव्हा शहाद्याच्या बाजूपासून तापीपर्यंत ज्याच्याकडे ऊस त्याच्याकडे चुलवण पेटलेलं. संध्याकाळी धुराचा एक पट्टा शेतांवर आडवा पसरायचा. सायकलवरून जाणाऱ्या पोरांच्या हातात गरम गुळाचे गोळे दिसायचे. सगळ्या मुलखाला आवडणारा तो वास, आणि मी मात्र तो आला की खिडकी लावून घ्यायचो. येतोय तो गुळाचा वास आहे की माझ्या डोक्यातला? दुसऱ्याला विचारल्याशिवाय मला ते कळायला मार्गच नव्हता.

मी जामसिंगला विचारायचो, "वास येतोय का?"

तो पुस्तकातून मान वर न करता म्हणायचा, "येत आहे."

काही दिवस मला त्याचा आधार वाटला. मग माझ्या लक्षात आलं की तो नेहमीच 'येत आहे' म्हणतो. एकदाही 'नाही' म्हणाला नाही. खिडकी बंद असली तरी येत असतो, वारा उलटा असला तरी येत असतो. एका दुपारी मी मुद्दाम नाक वर करून म्हणालो, "जामसिंग, रॉकेलचा वास येतोय का रे?"

"येत आहे," तो म्हणाला.

रॉकेल खोलीत नव्हतंच. कंदील कोरडा होता. मी त्याला तो दाखवला. त्याने पुस्तक मिटलं आणि तो म्हणाला, "तुला भय वाटते. म्हणून मी होय म्हणतो." मला राग आला. असल्या दयेचं मी काय करू? माझ्याकडे जगाशी ताडून बघायला एकच नाक होतं, तेही खोटं निघालं. त्या दिवसापासून मी त्याला वास विचारायचा बंद केला आणि खिडकीतून धूर शोधायला लागलो.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली. मी हुशार झालो. एरवी संध्याकाळचे दिवे लागले की माझे डोळे मिटायचे. आता मी ताठ बसून वाचत होतो. वाचलेलं पान डोक्यात राहत होतं. नागरिकशास्त्राच्या सरांनी विचारलेलं उत्तर मी सगळ्यांच्या आधी दिलं तेव्हा वर्ग वळून बघायला लागला. दुसरा कोणी खूश झाला असता. मला धडकी भरली. ज्याचं डोकं इतकी वर्षं जड आहे त्याचं असं फुकट हलकं कसं होईल? हाताला थोडी थरथर सुटली होती आणि झोपेत दचकायला व्हायचं. कोणीतरी काहीतरी केलंय, एवढं मला वाटायला लागलं. कोणी, ते कळेना.

आप्पा दर रविवारी एस.टी.ने यायचे. पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, एखादी केळ्यांची फणी. पूर्वी ते सरळ माझ्या खोलीवर येत. आता आधी दामले सरांच्या खोलीत जाऊन बसायला लागले होते. मी दारात गेलो की दोघं गप्प व्हायचे. आप्पा पागोट्याचा शेव सारखा करायचे, सर खिडकीबाहेर बघायचे. एकदा तर आप्पांनी येताना सरांसाठी काकवीचा गडू आणलेला मी पाहिला. बाप मास्तरला काकवी देतो, यात वावगं काही नाही. पण खाई त्याला खवखवे, आणि सरांचा चेहरा खवखवणाऱ्या माणसाचा होता. आप्पा निघताना मला म्हणाले, "आते झोप येस का रे, हिरा?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग बेस," ते म्हणाले, आणि त्यांची मिशी हलली. ते हसणं दाबत होते. बापाला मुलाच्या झोपेची बातमी आधीच कशी, हा विचार मी नंतर सबंध आठवडा करत राहिलो.

होळीला जामसिंग काठीला गेला. त्यांची होळी मोठी, राजवाडी, आणि त्याच्या घरातले लोक त्यात कमरेला घुंगरू बांधून नाचणारे. तो जावं की न जावं अशा घोळात होता. मीच त्याला जा म्हणालो, त्याच्या पहाऱ्याचा मला कंटाळा आला होता. तो परतला त्या सकाळी मी मोरीवर आंघोळीला गेलो. वास आला. मी धूर शोधायला वळलो. भिंतीवरून धूर दिसत नव्हता. मग दगडी मोरी एकदम जवळ आली.

डोळे उघडले तेव्हा जामसिंग माझं डोकं कुशीत धरून बसला होता. त्याच्या अंगावर अजून होळीची राख होती. मोरीच्या दारात मुलं जमली होती आणि कोणीतरी चप्पल काढत होतं. तो मोठ्याने म्हणाला, "शेवाळावरून घसरला. शेवाळ फार झाले आहे." मग खरोखरच त्याने विटेचा तुकडा घेऊन सगळ्यांसमोर ती मोरी घासायला घेतली. मुलं पांगली. माझ्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. मी त्याच्या खोटेपणावर चिडलो होतो आणि त्याच खोटेपणाने मला कॉलेजात ठेवलं. परीक्षा तोंडावर आली होती.

त्या संध्याकाळी दामले सरांनी तळहातावर गोळी ठेवली तेव्हा मी ती गिळली नाही, चावली. कडू नव्हती. थोडी खारट, वर पुदिन्याचा गारवा. मी ती तशीच थुंकून हातावर घेतली आणि त्यांच्यापुढे धरली नाही, कारण उष्टी होती. म्हणालो, "सर, बाटलीतली दुसरी काढा. ही ज्या बाटलीतली, त्यातलीच. आणि तुम्ही खा."

मला वाटलं ते ओरडतील. मला घालवून द्यायला टपलेला माणूस अशीच माझी त्यांच्याबद्दल खात्री झाली होती. मी परीक्षेत पडावं, नाव निघावं, वसतिगृहाची एक कटकट जावी. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. कपाटातून एक बाटली काढली, गोळी तोंडात टाकली आणि कडाकड चावून खाल्ली. मग त्यांना ढेकर आली.

"सोडामिंट आहे," ते म्हणाले. "माझी पित्ताची. तुमच्या वडिलांनी सांगितलं म्हणून देत होतो. कपाळाला काय झालंय ते मी सकाळीच पाहिलं. शेवाळ वगैरे मला पटलं नाही."

"आप्पांनी?"

"ते म्हणाले, परीक्षेपर्यंत गोळी बंद ठेवा, पण मुलाला कळू देऊ नका, तो घाबरेल. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारलंत का? ते म्हणाले, आमच्याकडे असंच करतात. आता बाप सांगतोय म्हटल्यावर मी काय बोलणार, पाटील?" त्यांनी वरच्या फळीवरची माझी बाटली काढली आणि या वेळी पाठ न करता गोळी दिली. कडू होती. 'आ करा' म्हणायचं ते विसरले.

कुंपणच शेत खातं म्हणतात ते मला त्या क्षणी अंगावर आलं. रेक्टर, प्राचार्य, जामसिंग, मेसचा आचारी, सगळ्यांवर मी वहीम घेतला होता. आप्पांवर घ्यायचं मला सुचलंही नव्हतं. सकाळी पहिल्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला, "आप्पांना म्हणावं, तातडीने या." तेव्हा टेलिफोनपेक्षा कंडक्टर खात्रीचा.

आप्पा दुपारीच आले. ऊसतोड चालू होती. पाचटाने हातांवर लाल रेघा उठलेल्या, धोतराला काकवीचे डाग. दामले सरांच्या खोलीत सर खुर्चीवर, मी दाराशी, आप्पा मधे उभे. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मी म्हणालो, "आप्पा, मला फिट आली. मोरीत पडलो."

त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. मग सरांकडे वळून अहिराणीत म्हणाले, "मास्तर, ऊस कापाना पहिले पानी तोडनं पडस. नही ते साखर भरत नही. आमनं बठ्ठं गाव असंच करस. परीक्षा म्हंजे कापनीच ना? मी म्हनं, गोयीनं पानी जराखं तोडू, पोऱ्याना डोकामा साखर भराई जाई."

सर आ वासून ऐकत होते; 'गोयी' म्हणजे गोळी, एवढंच त्यांना कळलं असावं. त्यांनी ऊस फक्त रसाच्या गाडीवर पाहिलेला. मला मात्र प्रत्येक शब्द कळत होता, कारण दर वर्षी तोडणीआधी पाटाचं दार बंद करायला मीच आप्पांबरोबर जायचो. पाणी तोडलं की पाला पिवळा पडतो आणि कांडं गोड होतं. हे आमच्या हाडात मुरलेलं ज्ञान. त्यात चूक काही नाही, ऊस असेल तर.

"पन पानी तोडं म्हनीसन ऊस कधी पडना नही," आप्पा माझ्याकडे बघत म्हणाले. "तू पडना."

मी म्हणालो, "आप्पा, मला विचारायचं तरी."

"तुले काय इचारू? तू रोज जेवताना झोपी जाई ऱ्हायना व्हता." ते खाली बघत म्हणाले, "मी तशीच बोलनू नही, हिरा. एक गोयी मी सोता खाई दखी. दिवाईले तू घर उना व्हता, तवय. बांधवर बठनू आनि डोया लागी गया. पानी दुसराना वावरमा चालनं गयं, माले पत्ताच नही. दुसरा दिन बी डोकं जड. मंग माले समजनं. हाई गोयी खाईसन तू अभ्यास कसा करस रे?"

दिवाळीत शेजाऱ्याच्या शेतात पाणी गेल्याचं भांडण मला आठवत होतं. आप्पांसारखा माणूस बांधावर झोपला, यावर गावात कोणाचा विश्वास बसला नव्हता. प्यायला लागला की काय, अशी कुजबुज झाली होती. त्यांनी ती कुजबुज ऐकून घेतली होती आणि माझी गोळी खाऊन पाहिल्याचं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. मला गहिवरून आलं आणि त्याच वेळी रागही आला. दोन्ही खरं होतं.

पण माझा स्वभाव इथेही थांबला नाही. पुढे माझ्या आत्याने एकदा सहज सांगितलं की त्याच साली काठावरच्या एका गावातून माझ्यासाठी स्थळ आलं होतं आणि मुलीकडचे विचारत होते, पोराचं काही औषध चालू आहे का म्हणून. मग पाणी तोडलं ते साखर भरण्यासाठी की सोयऱ्यांना 'औषध नाही' म्हणता यावं यासाठी? आप्पांना मी हे कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. रात्री मनात यायचं ते दिवसाही येतं. दोन्ही कारणं एका माणसात सुखाने नांदू शकतात, हे मला आता कळतं, तरी मी त्यांची वेगवेगळी ढेप पाडत बसतो.

डॉक्टरांना तार केली. उत्तर आलं की गोळी ताबडतोब चालू, पण रक्तात भिनायला दिवस लागतील. परीक्षा त्या दिवसांतच होती. प्राचार्यांना कोणीच काही सांगितलं नाही. दामले सर सांगू शकत नव्हते, कारण मग सोडामिंट सांगावी लागली असती. जामसिंगने शेवाळ घासून ठेवलेलंच होतं. आप्पा गावी परतलेच नाहीत. ऊसतोड काकांवर सोपवून ते वसतिगृहाच्या ओट्यावर घोंगडी टाकून राहिले. तोंडचा ऊस सोडून परगावी राहिलेला शेतकरी मी त्याआधी पाहिला नव्हता.

प्राचार्यांनी परीक्षेत माझी बसायची जागा दाराजवळ, जमिनीवर सतरंजी टाकून केली. पुढे मुनीमजींचं असतं तसलं बैठं मेज. बाकावरून पडू नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. मला चटकन उचलून बाहेर नेता यावं म्हणून, असं मला वाटलं. इतर मुलांना वाटलं की पाटलाच्या पोराला गादी मिळाली. अर्थशास्त्राच्या पेपराला, अर्धा पेपर झाला असताना, वास आला. करपलेला. मी पेन खाली ठेवलं. दार उघडं होतं पण सतरंजीवरून आभाळ दिसत नव्हतं, धूर बघायला उठता येत नव्हतं. जामसिंग पार पलीकडच्या रांगेत. मी हात वर केला. पर्यवेक्षक बाहेरगावचे, जाडजूड, घामेजलेले. ते आले.

"सर, गुळाचा वास येतोय का?"

सगळी शेड हसली. पर्यवेक्षकांनी नाक वर केलं, दोनदा हुंगलं. "येतोय," ते म्हणाले. "काहील खालून लागलीय कोणाची तरी. परवडायचं नाही त्याला. लिहा तुम्ही." त्या अनोळखी माणसाला माझी दया यायचं काही कारण नव्हतं, म्हणून मी विश्वास ठेवला आणि लिहिलं. सगळे पेपर लिहिले. पडलो नाही. पुढे तिसऱ्या वर्गात का होईना पास झालो आणि प्राचार्यांनी पेन्सिल न आपटता दुसऱ्या वर्षाला नाव घातलं.

त्या परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी दामले सर किल्ली काढत, गोळी काढत आणि माझ्या हातावर न ठेवता आप्पांच्या हातावर ठेवत. तसं कोणी ठरवलं नव्हतं. पहिल्या संध्याकाळी आप्पांनी गोळी माझ्यापुढे केली आणि मी हात पुढे केला नाही. नुसता गोळीकडे बघत राहिलो. पांढरी होती, लहान होती, पण ती सोडामिंटही तशीच होती. आप्पांना ते कळलं. त्यांनी गोळी दातात धरली, कडेचा एक कपचा तोडला, चावला, कडू तोंड केलं आणि उरलेली मला दिली. मग मी ती घेतली. दुसऱ्या दिवशी मी बघत राहण्याआधीच त्यांनी कपचा तोडला. सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

रोज ते दिवसभर जड डोक्याने ओट्यावर बसायचे. एवढ्याशा कपच्याने खरंच गुंगी येते की ते उन्हाने पेंगत होते, मला माहीत नाही. डॉक्टरांनी तर बजावलं होतं की गोळी पूर्ण पोटात गेली पाहिजे, जराही कमी नको. मला ते ठाऊक होतं आणि एकेका पेपरावर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं. तरी परीक्षा संपेपर्यंत त्यांनी रोज कपचा तोडला, त्यांनी तो गिळला की जिभेखाली ठेवला हे मी रोज नीट बघितलं, आणि मगच उरलेली गोळी घेतली.